डावा बॅक, दुसरा नंबर आणि सतरा वर्षांची पोरं

2025 चा सप्टेंबर. चिलीतला 20 वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप तोंडावर आलेला. अर्जेंटिनाच्या पोरांचा प्रशिक्षक दिएगो प्लासेन्ते याला त्याचा हुकमी 10 नंबर, म्हणजे हल्ला रचणारा खेळाडू, क्लाउदियो एचेवेरी, संघात हवा होता. एचेवेरी तेव्हा जर्मनीतल्या बायर लेव्हरकुसेन या क्लबात होता. क्लबाने त्याला सोडलं नाही. विषय संपला. अपील नाही, रदबदली नाही. आणि याच लेव्हरकुसेनच्या डाव्या कडेला प्लासेन्तेने स्वतः चार वर्षं घाम गाळलेला. जुन्या मालकानेच दाराला कडी लावली म्हणायची!

देशाच्या संघाने बोलावलं तर क्लब नाही कसा म्हणू शकतो? आणि हुकमी खेळाडूच मिळणार नसेल, तर अशा प्रशिक्षकाने करायचं तरी काय? वयोगटाच्या संघाची नोकरी बाहेरून सोपी दिसते. चांगली पोरं वेचायची, खेळवायची, जिंकायचं. आतून ती भलतीच चमत्कारिक आहे, आणि ती समजायला प्लासेन्तेइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. कारण खेळाडू म्हणूनही त्याचं काम असंच होतं. राबायचं आपण, आणि जमा व्हायचं दुसऱ्याच्या खात्यात.

सुरुवात ब्युनोस आयरेसपासून करू. तिथल्या ला पातेर्नाल भागात अर्जेंटिनोस ज्युनियर्स नावाचा क्लब आहे. बोका आणि रिव्हर या दोन बड्या घराण्यांपुढे तसा किरकोळच. पण त्याची ओळख आहे ‘सेमिएरो’, म्हणजे रोपवाटिका. मॅराडोना इथलं रोप. रेदोन्दो, सोरिन, काम्बियासो, रिकेल्मे हीसुद्धा इथलीच रोपं. 24 एप्रिल 1977 ला जन्मलेला प्लासेन्तेही याच वाफ्यातला. झाड मोठं झालं की दुसऱ्याच्या बागेत जायचं, हे या क्लबाच्या पोरांना मिसरूड फुटायच्या आधीच कळलेलं असतं.

याच क्लबाकडून पूर्वी होसे पेकरमन खेळले होते. गुडघ्याच्या दुखापतीने खेळ 28 व्या वर्षीच सुटला. मग घर चालवायला त्यांनी टॅक्सी चालवली, पुढे लहान पोरांना शिकवायला लागले. 1994 मध्ये देशाच्या युवा संघांची जबाबदारी आली, तेव्हा तिथे आनंदीआनंद होता. 1991 च्या 20 वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाच्या पोरांनी मैदानावर इतका धुडगूस घातला होता की 1993 च्या स्पर्धेत त्यांचा संघ दिसलाच नाही. पेकरमन यांनी आधी वागणूक सुधारली, मग खेळ. पुढचा हिशोब सरळ आहे: 1995, 1997 आणि 2001, तीन वर्ल्ड कप.

त्यातला 1997 चा, मलेशियातला, आपल्या कामाचा. 5 जुलैला शाह आलमला अंतिम सामना झाला. अर्जेंटिनाने उरुग्वेला 2-1 हरवलं. गोल काम्बियासो आणि किन्ताना यांचे. पण त्या संघाची यादी आज वाचली की अंगावर काटा येतो: रिकेल्मे, पाब्लो आयमार, वॉल्टर सॅम्युएल, लिओनेल स्कालोनी, बेर्नार्दो रोमेओ, आणि डाव्या बाजूला प्लासेन्ते. स्कालोनी पुढे देशाच्या मोठ्या, म्हणजे वरिष्ठ संघाचा प्रशिक्षक झाला आणि 18 डिसेंबर 2022 ला कतारमधल्या लुसैलमध्ये त्याने वर्ल्ड कप उचलला. त्या रात्री त्याच्या बाकावर मदतनीस म्हणून सॅम्युएल आणि आयमार होते. रोमेओ युवा संघांच्या व्यवस्थापनात गेला. प्लासेन्ते आधी बारक्या पोरांकडे, मग 17 वर्षांखालच्यांकडे, मग 20 वर्षांखालच्यांकडे. थोडक्यात, अर्जेंटिनाच्या फुटबॉलचं निम्मं घर आज एकाच वर्गातली मुलं चालवतात. पेकरमन मास्तरांचा वर्ग.

आता डाव्या बॅकचं काम काय ते बघू, कारण माणूस जिथे उभा राहून खेळ शिकतो तिथूनच त्याला पुढे खेळ दिसतो, असं माझं मत आहे.

मागच्या चौघांत डावा बॅक सगळ्यांत कडेला. त्याच्या डाव्या हाताला फक्त चुन्याची रेघ. बॉल त्याच्या बाजूला आला की कडेने धावत येणाऱ्या समोरच्या विंगरला अडवायचं, हे सगळ्यांना दिसतं. पण बॉल मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असतो तेव्हाच त्याचं खरं काम असतं. तेव्हा त्याने रेघ सोडून आत सरकायचं, मधल्या बचावपटूच्या, सेंटर बॅकच्या, खांद्याजवळ यायचं, आणि एक डोळा पाठीमागून चोरपावलांनी घुसणाऱ्या माणसावर ठेवायचा. कबड्डीत चढाई उजव्या कोपऱ्यावर चाललेली असताना डावा कोपरारक्षक जसा पाय रोवून, नजर लावून असतो, अगदी तसं. बॉलला पायही न लावता तो सामना वाचवत असतो. आकडेवारीत यातलं काही येत नाही. येतं ते एकच: तो चुकला तर गोल.

2001 मध्ये प्लासेन्ते रिव्हर प्लेटहून लेव्हरकुसेनला गेला. त्याचा पहिलाच पूर्ण मोसम फुटबॉलच्या इतिहासातला सर्वांत दुर्दैवी मोसम असावा. मायकेल बालाक, लुसिओ, बेर्न्ड श्नायडर असा तगडा संघ. जर्मन लीगचे तीन सामने उरलेले असताना हे पाच गुणांनी पुढे होते. तिथून घसरले, आणि 4 मे 2002 ला डॉर्टमुंडने एका गुणाने लीग नेली. 11 मे ला जर्मन कपच्या अंतिम सामन्यात शाल्केकडून 4-2 हार. 15 मे ला ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर रेआल माद्रिद.

ती फायनल लोकांना एका गोलासाठी आठवते. मध्यंतर व्हायला आलेलं, 1-1 अशी बरोबरी. माद्रिदच्या डाव्या बाजूने रोबेर्तो कार्लोसने बॉल नुसता उंच उडवला. तो पास नव्हता, संकटातून सुटका होती. बॉल आकाशातून खाली येईपर्यंत पेनल्टी क्षेत्राच्या कडेला झिदान वळला, आणि हवेतच डाव्या पायाने त्याने तो जाळीत घातला. 2-1. हा गोल तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. एकदा लेव्हरकुसेनच्या बाजूने पाहा. हल्ला त्यांच्या उजव्या अंगाने आलेला, म्हणजे प्लासेन्ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्या हातात काही नव्हतं. बचाव करणाऱ्याच्या नशिबी हेही असतं: चूक नाही, इलाजही नाही, आणि पदक चांदीचं.

अकरा दिवसांत तीनदा दुसरा नंबर. लेव्हरकुसेनला जर्मन लोक ‘उपविजेत्यांचं गाव’ अशा अर्थाच्या नावाने चिडवायचे ते यावरूनच. आणि तेवढ्यावर भागलं नाही. महिन्याभरात प्लासेन्ते 2002 च्या वर्ल्ड कपसाठी जपानमध्ये होता, प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांच्या अर्जेंटिना संघात. तिथे मागे चौघे नाहीत, तिघेच. त्या तिघांत डावीकडचा हा, पहिल्या दोन सामन्यांत. नायजेरियाला 1-0 हरवलं, इंग्लंडकडून 1-0 हरले, तिसरा स्वीडनशी बरोबरीत सुटला, आणि जेतेपदाचा दावेदार म्हणून आलेला संघ गटातूनच घरी गेला.

बाकीची कारकीर्द पटकन सांगतो. स्पेनमध्ये सेल्टा विगो, मग मायदेशी सान लोरेन्सो, मग फ्रान्समध्ये बोर्दो. 2009 मध्ये लोराँ ब्लाँ यांच्या बोर्दोने लियाँची सलग सात लीग विजेतेपदांची मक्तेदारी मोडली, त्या संघात प्लासेन्ते होता. म्हणजे नशीब अगदीच रुसलेलं नव्हतं. शेवटी उरुग्वेतला नासिओनाल, आणि सरतेशेवटी पुन्हा अर्जेंटिनोस ज्युनियर्स. रोप फिरून वाफ्यात आलं.

इथून पुढे दुसरी नोकरी. ती समजायला आधी जन्मतारखेचा खेळ समजून घ्यावा लागेल.

‘17 वर्षांखालील’ म्हणजे काय? स्पर्धेसाठी एक तारीख ठरते. 2023 च्या स्पर्धेसाठी ती होती 1 जानेवारी 2006. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेलाच खेळणार. आता आपला एचेवेरी बघा. जन्म 2 जानेवारी 2006, चाको प्रांतातल्या रेसिस्तेन्सिया शहरात. म्हणजे त्या स्पर्धेत तो जवळपास सर्वांत मोठं पोरगं. दोन दिवस आधी जन्मला असता तर बाहेर. त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेलं पोरगं त्याच गटात, पण अकरा महिन्यांनी लहान. सतराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे दोन-तीन इंच उंची आणि मांडीतलं बळ. म्हणून जगभरच्या युवा संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांची गर्दी दिसते. आपल्याकडे शाळेत जूनच्या तारखेवरून जे होतं तेच: मोठं पोर वर्गात हुशार वाटतं, आणि हुशार वाटतं म्हणून त्याच्याकडे जास्त लक्ष दिलं जातं. युवा प्रशिक्षकाची पहिली कसोटी इथे लागते. समोरचं पोरगं खरंच गुणी आहे की नुसतं लवकर वाढलंय? आज जिंकायचं असेल तर लवकर वाढलेलं निवडा. पाच वर्षांनी देशाला खेळाडू हवा असेल तर कदाचित ते दुसरं, काटकुळं.

एचेवेरी मात्र मोठा असूनही अंगाने लहानखुरा, आणि पायात जादू. 2023 च्या नोव्हेंबरात इंडोनेशियातल्या स्पर्धेत प्लासेन्तेच्या पोरांची सुरुवात सेनेगलकडून 2-1 अशा पराभवाने झाली. मग गाडी रुळावर आली. जपान, पोलंड, व्हेनेझुएला, आणि उपांत्यपूर्व फेरीत जकार्ताला समोर ब्राझील. एचेवेरीने तीन गोल केले, 3-0. ब्राझीलविरुद्ध हॅट्ट्रिक! अर्जेंटिनात पोराचं नाव घराघरांत गेलं. उपांत्य फेरीत जर्मनीशी सामना. आगुस्तिन रुबेर्तोने तिथे तीन गोल मारले, तिसरा तर 97 व्या मिनिटाला, 3-3. मग पेनल्टी, आणि 4-2 ने जर्मनी. तिसऱ्या क्रमांकासाठी मालीकडून 3-0 मार. चौथा नंबर. 17 वर्षांखालचा वर्ल्ड कप अर्जेंटिनाने आजवर एकदाही जिंकलेला नाही, मेस्सीच्या देशाने! ही गोष्ट मी सांगितली की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग मोबाईल काढतात.

आता पहिला प्रश्न. क्लब नाही कसा म्हणू शकतो?

मोठ्या संघाच्या सामन्यांसाठी फिफाच्या कॅलेंडरात तारखा राखून ठेवलेल्या असतात. त्या दिवसांत देशाने बोलावलं की क्लबाला खेळाडू सोडावाच लागतो. वयोगटाच्या स्पर्धांना हे बंधन लागू नाही. चिलीतली स्पर्धा सप्टेंबरअखेर ते 19 ऑक्टोबर, युरोपातला मोसम ऐन भरात. क्लब म्हणतो, पगार आम्ही देतो, पोरगं आमच्याकडेच राहील. फ्रांको मास्तान्तुओनोही चिलीला आला नाही, तो रेआल माद्रिदमध्ये होता. आणि लेव्हरकुसेनचीच दुसरी बाजू ऐका: आलेहो सार्को हा त्याच क्लबाचा पोरगा मात्र स्पर्धेत खेळला, चार गोलही केले. एकाच घरातल्या दोघांपैकी एकाला परवानगी, एकाला नाही. प्रशिक्षकाने योजना आखायची ती यावर.

याला जोडून अठरा वर्षांचा नियम येतो. काही अपवाद सोडले तर अठरा पूर्ण होईपर्यंत खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात जाता येत नाही. लहान पोरांची ने-आण आणि पिळवणूक थांबावी म्हणून फिफाने हे केलं. परिणाम असा की दक्षिण अमेरिकेतलं प्रत्येक गुणी पोरगं अठराव्या वाढदिवसाकडे डोळे लावून असतं, आणि युरोपही. मास्तान्तुओनोचा जन्म 14 ऑगस्ट 2007 चा. तो 14 ऑगस्ट 2025 ला, वाढदिवसालाच, माद्रिदचा झाला. एचेवेरीला मॅंचेस्टर सिटीने अठरा पूर्ण होताच जानेवारी 2024 मध्ये करारबद्ध केलं, आणि पुढे उसनवारीवर लेव्हरकुसेनला धाडलं. म्हणजे प्लासेन्तेच्या बाजूने पाहिलं तर चित्र असं दिसतं: सतराव्या वर्षी पोरगं रिव्हर किंवा बोकामध्ये असतं, ब्युनोस आयरेसच्या विमानतळाजवळ एझेइझाला फुटबॉल संघटनेचं सराव केंद्र आहे तिथे गाडीने येतं, क्लबही कुरकुर करत का होईना सोडतो. एकोणिसाव्या वर्षी, जेव्हा ते खरंच खेळायला लागतं, तेव्हा ते विमानाने तेरा तास लांब असतं. पीक तयार झालं की शेत दुसऱ्याचं.

पैशाचं काय? ज्या छोट्या क्लबांनी पोरगं घडवलं त्यांच्यासाठी फिफाची एक तरतूद आहे. खेळाडू 12 ते 23 या वयात ज्या-ज्या क्लबात वाढला, त्यांना त्याच्या पुढच्या प्रत्येक मोठ्या खरेदीच्या रकमेतून मिळून 5 टक्के मिळतात. 12 ते 15 या चार मोसमांचे दर मोसमाला पाव टक्का, पुढच्या आठ मोसमांचे अर्धा टक्का. समजा, एखादा खेळाडू 100 कोटींना विकला गेला. ज्या गल्लीतल्या क्लबाने त्याला बारा ते पंधरा सांभाळलं, त्याला 1 कोटी. छोट्या क्लबाला तेवढ्यात नवं हिरवळीचं मैदान होतं. हा नियम मला फुटबॉलमधला सर्वांत शहाणा नियम वाटतो. पण यात राष्ट्रीय युवा प्रशिक्षकाचा रकाना नाही. त्याचं नाव ना पावतीवर, ना गोलफलकावर.

मग त्याला मोजायचं कसं? जिंकण्या-हरण्यावर मोजलं तर काय होतं बघा. 2017 मध्ये दक्षिण कोरियात अर्जेंटिनाचा 20 वर्षांखालचा संघ गटातच गारद झाला. त्यात इंग्लंडविरुद्ध एका पोराला व्हिडिओ बघून लाल कार्ड मिळालं. त्याचं नाव लाउतारो मार्तिनेस. 2019 मध्ये पोलंडला बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात मालीकडून पेनल्टीवर हरले. त्या संघात हुलियान आल्वारेस. दोन्ही संघांवर घरी टीकेची झोड उठली. आणि 2022 मध्ये लुसैलला वर्ल्ड कप जिंकणाऱ्या संघात हे दोघेही होते.

आपल्या कामाचा दाखलाही आहे. ऑगस्ट 2018 मध्ये स्पेनच्या वालेन्सियाजवळ कोतिफ या स्पर्धेत भारताच्या 20 वर्षांखालच्या संघाने, फ्लॉइड पिंटो प्रशिक्षक असताना, अर्जेंटिनाच्या पोरांना 2-1 हरवलं. दीपक टांगरी आणि अन्वर अली यांचे गोल. आपण त्या रात्री पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. समोरच्या बाकावर कोण होतं माहिती आहे? स्कालोनी आणि आयमार. भारताकडून हरलेल्या त्याच संघाने पुढे ती स्पर्धा जिंकली, आणि त्याच महिन्यात स्कालोनीच्या हाती मोठा संघ आला, तोही तात्पुरता म्हणून.

प्लासेन्तेकडे 20 वर्षांखालचा संघ आला तो आधीचा प्रशिक्षक हाविएर मास्चेरानो 2024 च्या अखेरीस इंटर मायामी या अमेरिकेतल्या क्लबाला गेल्यावर. पहिलाच सामना 24 जानेवारी 2025 ला, दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत, व्हेनेझुएलात, ब्राझीलशी. निकाल 6-0. ब्राझीलला सहा! पण ब्राझीलने मान खाली घातली, हळूहळू गुण गोळा केले आणि स्पर्धा तेच जिंकले. अर्जेंटिना दुसरा.

मग चिली. एचेवेरी नाही, मास्तान्तुओनो नाही. क्यूबा, ऑस्ट्रेलिया, इटली, नायजेरिया, मेक्सिको, कोलंबिया, सगळ्यांना हरवत पोरं फायनलला पोचली. बाद फेरीच्या तिन्ही सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. हे मला फार सूचक वाटलं. जादूगार नसले की संघाला मागची फळी लागते, आणि मागच्या फळीत आयुष्य काढलेला माणूस बाकावर होता. 2007 नंतर अर्जेंटिना पहिल्यांदाच या स्पर्धेच्या फायनलमध्ये, सातव्या विजेतेपदासाठी. समोर मोरोक्को.

सान्तियागोत रविवारची रात्र होती. आपल्याकडे 20 ऑक्टोबरची पहाट, साडेचार. नरक चतुर्दशी. घरात सगळे अभ्यंगाच्या गडबडीत, पाणी तापत ठेवलेलं, आणि मी उटणं लावलेल्या हातांनी मोबाईल उदबत्तीच्या घराला टेकवून उभा केलेला. 12 व्या मिनिटाला अर्जेंटिनाचा गोलरक्षक क्षेत्राबाहेर येऊन यासिर झबिरीला धडकला. पंचांनी व्हिडिओ पाहिला, फ्री किक दिली. झबिरीनेच ती भिंतीवरून वळवून जाळीत घातली. 29 व्या मिनिटाला उजवीकडून क्रॉस आला. अर्जेंटिनाची बचावफळी बॉलकडे बघत होती, आणि लांबच्या बाजूने झबिरी मोकळा. 2-0. लांबच्या बाजूचा माणूस. पलीकडच्या कडेच्या बॅकने ज्याच्यावर एक डोळा ठेवायचा तोच. कॅमेऱ्याने प्लासेन्तेचा चेहरा दाखवला तेव्हा मी नकळत मागे घेऊन तो गोल पुन्हा पाहिला.

उरलेला तासभर अर्जेंटिनाची पोरं मोरोक्कोच्या भिंतीवर डोकं आपटत राहिली. बॉल सगळा यांच्याकडे, गोल एक नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा बाहेर फटाके सुरू झाले होते, उटणं हातावर वाळून त्याचे पापुद्रे पडत होते, आणि आई तिसऱ्यांदा ओरडली, “अरे, उजाडायच्या आत आंघोळ कर, नाहीतर नरकात जाशील!”